बुळकांडीच्या साथीत केलेल्या दोन तारा

मी बैलाचा ओठ उलटा केला. हिरड्यांवर कोंडा फासल्यासारखे चट्टे होते. बोटानं पुसले तर खाली लाल मांस. डोळ्यांतून पाण्याची धार, मागून पातळ रक्ताळ शेण, आणि वास असा की ढोरांच्या कोठ्यात उभं राहवेना.

किसन पाटील वेसण धरून उभे होते. बैल त्यांचा, कोठाही त्यांचाच.

"काय हाय डॉक्टर?"

"बुळकांडी."

"वाचंल?"

"हा न्हाई वाचणार. बाकीचे वाचतील, लस जल्दी आली तर."

निजामी राज्याची शेवटची चार-पाच वर्षं. मी जालन्याला जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. राजूरच्या अलीकडच्या एका गावातून निरोप आला आणि टांगा करून मी गेलो, त्या दिवसाची ही गोष्ट. होळी झाली होती. ज्वारीची कणसं खळ्यावर येऊन पडली होती आणि मळणी बैलांच्या पायांवरच व्हायची. त्या हंगामात बैल गेला म्हणजे घरातला कर्ता माणूस आजारी पडल्यासारखंच.

बुळकांडी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ढोरांची साथ. एकदा धरलं की आठवड्याभरात जनावर जातं. औषध नाही. डॉक्टर एकच करू शकतो, अजून न धरलेल्या जनावरांना लस टोचायची, म्हणजे साथ पुढे सरकत नाही. लस काचेच्या बारीक नळ्यांत यायची, हैदराबादहून, रेल्वेनं, बर्फाच्या पेटीत. बर्फ वितळला की लस गेली. उशिरा आली तर टोचायला निरोगी जनावरच उरत नाही. सगळी डॉक्टरकी एवढीच, वेळ गाठायची.

आणि लस आली तरी लोक टोचू द्यायचे नाहीत. टोचलं की जनावर मरतं, अशी गावोगाव समजूत. मागच्या वेळी मी सुई उकळतोय तोवर लोकांनी ढोरं रानात पळवली होती. किसन पाटलांनी मात्र शब्द दिला.

"लस तेवढी आणा. समदं गाव तुमच्यापुढं उभं करतो. माझे तीन बैल अजून खाऊन-पिऊन हायती. तेवढे राहू द्या."

"चार दिवसांत आणतो," मी म्हणालो. फार ऐटीत म्हणालो. कारण हैदराबादच्या मोठ्या कचेरीत माझा माणूस बसला होता.

जालन्याला आलो आणि स्टेशनवर जाऊन बाळासाहेबांना तार ठोकली. दवाखान्यात परतलो तर आमचे कंपाउंडर रहीम खान लस मागवायचा फॉर्म काढून बसलेले. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पण मला साब म्हणायचे.

"साब, तार हुई सो अच्छा हुआ. फारम भी भेज देते ना."

"नको. फॉर्म औरंगाबादला जाणार, तिथून सही होऊन हैदराबादला. दहा दिवस जातील."

"जाने देव. तार अपनी जगा, फारम अपनी जगा."

"खानसाहेब, एकदा मोठ्या माणसाला शब्द टाकला की दुसरीकडं हात पसरायचा नसतो. त्याला वाटतं, ह्याचा माझ्यावर भरवसा न्हाई."

हे मी गंमत म्हणून बोललो नव्हतो. त्या वेळी आमच्या राज्यात ही रीतच होती. काम सिफारशीनं व्हायचं, आणि सिफारस एकाचीच धरायची. फॉर्म भरणारा माणूस म्हणजे ज्याला कोणी नाही तो. रहीम खाननी फॉर्म फाइलीत परत ठेवला.

आता बाळासाहेब कोण ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला स्वतःचीच चीड येते.

मी हैदराबादला विद्यापीठात सायन्स शिकायला गेलो तेव्हा वडिलांनी बजावलं होतं, "पुस्तकं सगळ्यांना सारखीच मिळतात. तू ओळखी कमाव." मी ते मनावर घेतलं. कोणाचा बाप कुठल्या खात्यात आहे, कोण कोणाचा भाचा, हे मला तोंडपाठ असायचं. बाळासाहेब एका बड्या अंमलदाराचे चिरंजीव. घरची मोटार. प्रॅक्टिकलच्या वह्या लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून दोन वर्षं त्या मी लिहिल्या. माझ्या स्वतःच्या वहीपेक्षा त्यांच्या वहीतला बेडूक जास्त मन लावून काढला. ते पाठीवर थाप मारायचे, "माधवराव, तुम्हाला कधी काही लागलं तर फक्त तार करा."

माझ्या खोलीत माझ्याबरोबर धोंडिबा राहायचा. भोकरदनकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या बापानं मेंढरं विकून त्याला धाडलेलं. शिकवणं सगळं उर्दूत. माझं उर्दू कच्चं, त्याचं पक्कं. रोज संध्याकाळी तो भाकरी थापता थापता मला दिवसभराचा धडा मराठीत समजावून सांगायचा. मी पास झालो तो त्या भाकरीच्या परातीशेजारी बसून. तेव्हा मला त्यात ओळख कमावण्यासारखं काही दिसलं नाही.

एकदा बाळासाहेब न सांगता खोलीवर आले. धोंडिबा चुलीपाशी बसलेला, हात पिठाचे.

"हा कोण?" बाळासाहेबांनी विचारलं.

"गावाकडचा आहे," मी म्हणालो, "स्वयंपाकाला ठेवलाय."

धोंडिबानं हात धुतले, उठला, बाळासाहेबांना तांब्याभर पाणी दिलं आणि पुन्हा चुलीपाशी बसला. त्या संध्याकाळचा धडाही त्यानं नेहमीसारखाच समजावला. महिन्याभरात मी बाळासाहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायला गेलो. पुढं मुंबईला डॉक्टरकी शिकलो. धोंडिबानं सुरुवातीला तीन-चार पत्रं टाकली. मी उत्तर दिलं नाही. त्याला आमच्याच खात्याच्या लसीच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली हे मला ठाऊक होतं, कारण जालन्याला येणाऱ्या प्रत्येक पेटीवरच्या चिठ्ठीखाली त्याची सही असायची. मी ती बघायचो आणि पेटी उघडायचो.

तर तार केली सोमवारी. मंगळवारी गाडीवर गेलो, पेटी नाही. बुधवारी गेलो, नाही. स्टेशनमास्तर मला लांबूनच हात हलवून न्हाई म्हणायला लागले. गुरुवारी गावाकडून माणूस आला, पाटलांचा दुसरा बैल बसला. शुक्रवारी तिसऱ्यानं चारा सोडला. शेजारच्या कोठ्यांत सुरू झालं. मी गावात जाऊन आजारी ढोरं वेगळी बांधायला लावली, चुना टाकायला लावला. पाटील एवढंच विचारायचे, "आज येईल का?" मी म्हणायचो, "निघाली असंल."

शनिवारी टपालानं बाळासाहेबांचं पत्र आलं. जाड कागद, उर्दू अक्षर मोत्यासारखं. इतक्या दिवसांनी आठवण काढल्याबद्दल फार खुशी झाली. बडे साहेब सध्या दौऱ्यावर आहेत, परतले की मौका बघून नक्की बोलतो. तब्येतीला जपावं. खाली बहिणीच्या लग्नाचं आवतण, सहकुटुंब येण्याचं. एवढ्या सुरेख पत्राला उत्तर काय द्यायचं असतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रहीम खाननी पत्र वाचलं, घडी करून परत दिलं.

"साब, इस्टोर में वो भोकरदन वाले साब हैं ना. उनको मारो तार."

"त्याला कसं सांगू?"

"कसं म्हंजे? ढोरां मर रहे, बोलो."

ही दुसरी तार. शब्द मोजके होते, पण लिहायला मला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला.

सोमवारी सकाळच्या गाडीतून धोंडिबा स्वतः उतरला. दोन पेट्या, वर ओलं गोणपाट, भुशात बर्फ. रात्रभर पेट्यांपाशी बसून वितळलेलं पाणी काढत आला होता. केस कानापाशी पांढरे झालेले. मी पुढं झालो तसा म्हणाला, "नमस्कार डॉक्टरसाहेब. पेट्या आधी सावलीत घ्या."

तो मला तुम्ही म्हणत होता. मला वाटलं, लोकांसमोर म्हणत असेल. टांग्यात आम्ही दोघंच होतो, तिथंही तेच.

"फॉर्म न्हाई पाठवला मी," मी म्हणालो, "तुझ्यावर येईल."

"फॉर्म मी आणलाय भरून. तुमची सही लागंल तेवढी."

"फॉर्म औरंगाबादहून यायला दहा दिवस लागतात, म्हणून मंग..."

"गेल्या सालीच गश्ती निघाली," तो म्हणाला. गश्ती म्हणजे सर्क्युलर. "साथ लागली की डॉक्टरनं थेट स्टोअरला तार करायची. पेटी त्याच दिवशी रवाना, फॉर्म मागून. कोनाची वळख लागत न्हाई. तुमच्या फाइलीत असंल बघा."

होती. नंतर बघितली. माझीच सही होती वाचल्याची. न वाचता केलेली. ओळखीच्या माणसाला गश्त्या कशाला वाचायला लागतात?

तीन दिवस आम्ही टोचत राहिलो. पाटलांनी शब्द पाळला, एकही जनावर रानात गेलं नाही. पण त्यांच्या गावात आता टोचण्यासारखी उरली होती थोडीच. पाटलांच्या त्या तीन निरोगी बैलांतले दोन आधीच मरून ओढून नेलेले, तिसरा शेवटच्या घटका मोजत होता. चौथा, ज्याला मी पहिल्या दिवशी हा न्हाई वाचणार म्हणालो होतो, तोच तेवढा उठला. होतं असं कधीकधी. माझा अंदाजसुद्धा धड नव्हता. आजूबाजूच्या वाड्या मात्र वाचल्या. धोंडिबा मेंढपाळाचा पोर, अडणारं जनावर त्याच्या हाताखाली शांत व्हायचं. माझ्याशी बोलायचा ते कामापुरतं, किती टोचले, किती राहिले.

तिसऱ्या दिवशी पाटलांनी पंधरा-वीस लोकांसमोर विचारलं. रागानं नाही, सरळ विचारलं.

"डॉक्टर, एक सांगा. ही पेटी गेल्या आठवड्यात येऊ शकत व्हती का?"

मी पेटीचं झाकण लावलं.

"न्हाई पाटील," मी म्हणालो. "हैदराबादचं काम आहे. याच्या आधी येत न्हाई."

पाटील धोंडिबाकडं वळले. "तुम्ही तर तिथलेच. बराबर हाय का हे?"

धोंडिबा सुया उकळत होता. त्यानं मान वर केली. माझ्याकडं नाही बघितलं, पाटलांकडं बघितलं.

"डॉक्टर म्हनतात ते बराबर हाय."

पाटलांनी मान हलवली. "मंग इलाज न्हाई," म्हणाले, आणि आम्हा दोघांना ताकाचे तांबे दिले. मला ते ताक पिववेना. धोंडिबानं त्याचं प्यायलं.

दुसऱ्या दिवशी जालन्याला आल्यावर घरी जेवायला चल म्हणालो. नको म्हणाला, गाडीची वेळ झाली. गाडीला अजून दोन तास होते. फलाटावर बाकावर बसलो. मी विषय काढला. आत्ता नाही बोललो तर कधीच नाही, असं वाटलं.

"धोंडिबा, त्या दिवशी खोलीत बाळासाहेबांपुढं मी जे बोललो..."

"ते मी इसरून गेल्तो," तो म्हणाला. "काल पाटलाच्या कोठ्यात तुम्ही बोललात, तवा ध्यानात आलं."

मग तोच म्हणाला,

"मी काल खोटं बोललो. तुमच्यासाठी न्हाई बोललो, डॉक्टरसाहेब. खरं सांगितलं असतं तर त्या मानसानं पुन्हा तुमच्या सुईपुढं जनावर आणलं नसतं, आन् त्याच्या मागं समद्या गावानं. तुम्ही तर इथंच ऱ्हानार. दुसरा डॉक्टर कुठून आणायचा त्यांनी?"

"मी पत्र लिहीन तुला."

"नका लिहू. साथ आली तर तार करा. पेटी त्याच दिवशी निघंल."

गाडी आली. रिकाम्या पेट्या त्यानं स्वतःच चढवल्या.

पुढं राज्य बदललं, खातं बदललं, धोंडिबा स्टोअरचा मुख्य झाला. मी जालन्याला होतो तोवर सहा-सात वेळा तार करावी लागली. दर वेळी पेटी दुसऱ्या दिवसाच्या गाडीला हजर. सोबत चिठ्ठी, त्यावर नळ्यांचा आकडा आणि सही. त्याहून एक अक्षर जास्त नाही. बाळासाहेबांची पत्रं मात्र त्यांच्या अखेरीपर्यंत येत राहिली, अक्षर तसंच सुरेख.

पुढच्या वर्षी किसन पाटील नवी जोडी घेऊन दवाखान्यात आले, टोचायला. सात कोस चालवत आणली होती. तिथं बसलेल्या लोकांना सांगत होते, "डॉक्टरांनी लई धावपळ केली आमच्यासाठी. बिलकुल कसर न्हाई ठिवली." मी बैलाची मान धरली आणि सुई घातली.

कॉलेजात मैत्री कोणाशी करायची हे मी फार विचार करून ठरवलं होतं. ज्याच्याबद्दल कधी विचारच केला नाही, त्यानं माझी नोकरी राखली, अब्रू राखली आणि मग माझ्याशी बोलणं सोडलं. तिन्ही गोष्टी त्यानं योग्यच केल्या.