नालायक हजर आहे

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

तो वेल्डर. बसस्टॉपच्या मागे त्याचं दुकान. लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचा. आमच्या इमारतीचं गेट त्याच्याच हातचं. इतक्या वर्षांत ते गेट एकदाही कुरकुरलेलं नाही, कारण कुरकुरायचं खातं त्यानं स्वतःकडे ठेवलेलं. गेट बसवताना तो रंगावरून माझ्या वडिलांशी भांडला, वॉचमनशी भांडला, आणि भांडायला कुणी उरलं नाही तेव्हा शिडीशी भांडला. डावी भुवई ठिणगीनं जळालेली, शर्टाला बारीक बारीक भोकं, आणि आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही रस्त्यापलीकडे ऐकू जावा.

मी फोन कंपनीच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते. तिथे आम्ही त्याला 'तोफ' म्हणायचो. तोफ दर महिन्याला बिल घेऊन यायची आणि नेमकी माझ्याच खिडकीवर डागली जायची. आमचे साहेब काचेच्या खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. शिव्या खायला मी होतेच.

त्या महिन्यात त्याचं बिल चौपट आलं. आयतंच कोलीत मिळालं त्याला.

"चारशे बारा मेसेज?" बिल माझ्या नाकासमोर नाचवत तो ओरडला. "अहो बाई, या बटणांवर मला माझं नाव लिहिता येत नाही! मी एक मेसेज पाठवलेला नाही. पगार घेता की झोपा काढता इथे?"

खरं तर प्रकार साधा होता. जुन्या, बटणांच्या फोनसाठी आमची एक गप्पांची सेवा होती. नव्या फोनवर असलं सगळं इंटरनेटवरून जातं. त्याच्याकडच्या असल्या डब्यावर ते साध्या मेसेजमधून चालायचं. तुमच्या यादीतल्या माणसाच्या फोनला रेंज मिळाली की तुम्हाला मेसेज यायचा, अमुक हजर आहे. रेंज गेली की, अमुक गेला. ते कुणी माणूस पाठवत नव्हता, यंत्र पाठवायचं. आधी हे मेसेज फुकट होते. त्या महिन्यापासून कंपनीनं येणाऱ्या प्रत्येक मेसेजचे पैसे लावले. ग्राहकांना कळवलंही होतं, म्हणजे बिलाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं.

हे मी त्याला शांतपणे समजावू शकले असते. पण रांगेत अकरा माणसं, डोक्यावरचा पंखा बंद, आणि वर हे झोपांचं बोलणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याची यादी कॉम्प्युटरवर काढली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी वाचायला लागले.

"सकाळी सहा चाळीस, नालायक हजर आहे. सात पंचावन्न, नालायक गेला. आठ तीस, नालायक हजर आहे."

रांगेत आधी एक जण हसला, मग सगळेच.

"कोण हो हा नालायक?" मी विचारलं.

"माझा मुलगा," तो म्हणाला. "नाव त्याचं त्यानंच घेतलंय. तुम्हाला काय करायचंय?"

आणि मग कुणी न विचारता त्यानं सगळं सांगितलं, तेही ओरडूनच. मुलाला दुकानात उभं राहायचं नव्हतं. गिऱ्हाइकांसमोर बाप त्याला नालायक म्हणाला. मुलगा बॅग भरून दुसऱ्या शहरात गेला आणि तिसऱ्या दिवशी त्या सेवेतलं स्वतःचं नाव बदलून त्यानं तेच ठेवलं. बापाच्या फोनवर दिसावं म्हणून. तीन वर्षं दोघांत शब्द नाही. बाप तसा बेटा, मी मनात म्हटलं.

"त्याचे निरोप आहेत, त्याच्याकडून पैसे घ्या," तो म्हणाला. "जो बोलतो तो भरतो. ऐकणाऱ्याला कसले पैसे लावता?"

मी फॉर्म पुढे केला. सेवा बंद केली तर पैसे परत मिळत होते. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, की ही सेवा एकदा बंद केली की पुन्हा सुरू होणार नाही. ती ग्राहकाला वाचून दाखवायची, असा आम्हाला सक्त नियम. मी नाही दाखवली. विसरले नव्हते. मला तो माणूस खिडकीसमोरून हटायला हवा होता, बस. त्यानं कागद फाटेल इतक्या जोरात सही केली आणि गेला. दुपारी मी डबा चवीनं खाल्ला.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. या खेपेला त्यानं बिल नाही, फोनच खिडकीत आपटला.

"त्याचे निरोप येत नाहीत."

"सेवा बंद केलीत ना तुम्ही?"

"तुमची सेवा बंद केली. त्याचे निरोप कशाला बंद होतील? मी माझं दार लावलं म्हणून रस्त्यावरचा माणूस चालायचा थांबतो का?" त्याचा आवाज चढला, आणि अर्ध्यातच कुठेतरी बसला. "तो माझ्याशी बोलत नाही. पण उठला की कळवतो. कामावर पोचला की कळवतो. संध्याकाळी घरी आला की कळवतो. रागानं का होईना, स्वतःला शिवी घालून कळवतो. तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही. बायको सकाळी चहा देताना विचारते, पोचला का? आता काय सांगू तिला? तेही सोडलं त्यानं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं यंत्र जे पाठवत होतं, ते मुलगा स्वतःच्या हातानं पाठवतो असं हा समजत होता.

खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. तोफ कायमची गार झाली असती. मी तोंड उघडलंही.

"तो पाठवतोय," मी म्हणाले. "आम्ही अडवलेत. फॉर्मवरची एक ओळ वाचून दाखवायची होती, ती मी मुद्दाम वाचली नाही. आता ती सेवा परत चालू होत नाही."

मग त्यानं माझा उद्धार केला. माझा, साहेबांचा, कंपनीचा. तक्रारीचा फॉर्म मागितला, मी दिला. माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यातला शब्दन् शब्द मला लागला, कारण खोटा एकही नव्हता. लिहिता लिहिता तो थांबला.

"पण त्याला काय वाटेल? बापानंच निरोप बंद करून टाकले, असंच ना?"

असं म्हणून त्यानं खिडकीतून हात घातला, माझ्या टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर फिरवला. पाठ होता त्याला. आता माझं खोटं उघडं पडणार होतं. त्या फोनचा आवाज इतका मोठा आहे की पलीकडचं सगळं मला ऐकू येतं.

"कोण?"

"मी." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझे निरोप मला येत नाहीयेत. इथल्या एका बाईनं बंद करून ठेवलेत. तुझी चूक नाही, म्हणून सांगतोय."

"कसले निरोप?" मुलानं विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला नजर चुकवता आली नाही, आणि त्याला काय कळायचं ते कळलं. त्याचा जबडा हलला. आता हा फोन माझ्या अंगावर फेकणार असं मला वाटलं.

"काही नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "कामावर पोचलास का?"

पलीकडून उत्तर आलं, आणि ते लवकर संपेना. फोन कानाला धरूनच त्यानं दुसऱ्या हातानं तक्रारीचा फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि शिक्क्याच्या जागेवर दोनदा बोट आपटलं. मी शिक्का मारला.