डोक्यावर नसलेला हंडा

दुष्काळाच्या साली आमच्या गावच्या दूध सोसायटीत दूध सोडून बाकी सगळं गोळा व्हायचं. जनावरं चारा छावणीत गेलेली, बिंदुसरेच्या धरणाचा तळ उघडा पडलेला, तरी संचालक मंडळ सवयीनं सकाळी सोसायटीच्या ओट्यावर हजर. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातलेच एक. मापायला दूध नाही म्हणून ही मंडळी आपापली पोरं मापायची. चेअरमनचा मुलगा फास्ट बॉलर होणार होता. चेंडू कुठं पडेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं, पण चेअरमनच्या मते तीच त्याची कला होती. अण्णांच्या वाट्याला मी आले.

टँकर विहिरीत पाणी ओतून गेला की सगळं गाव हंडे घेऊन धावायचं आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढं असायचे. अण्णांनी हे एकदा पाहिलं आणि त्याच सकाळी ओट्यावर जाहीर केलं, "आमची पोरगी देशासाठी पळणार हाय."

"आधी अंगावर जरा फॅट तर चढू द्या तिच्या," चेअरमन म्हणाले.

"फॅट नसंल, पण डिग्री लई हाय!" दूध तपासायची भाषा पोटच्या पोरीला लावताना अण्णांना काही वावगं वाटलं नाही.

अण्णा स्वतः जन्मात पळाले नव्हते. एसटी सुटत असली तरी ते चालतच यायचे आणि निघून गेलेल्या एसटीला नावं ठेवायचे. पण प्रशिक्षक व्हायला त्यांना तेवढं पुरेसं वाटलं. त्यांचं शास्त्र सरळ होतं. मी भरलेला हंडा डोक्यावर घेऊन रोज पळायचं. शर्यतीच्या दिवशी हंडा नसणार, म्हणजे पोरगी हवेतच जाणार. आईनं या शास्त्राला लगेच मान्यता दिली. "पळंल न्हाईतर न्हाई पळायची, पाणी तर घरी यील," ती म्हणाली.

मग विहीर ते घर असा माझा सराव सुरू झाला. मागून अण्णा सायकलवर. "जोरात पळ! सांडू नको!" हे दोन्ही हुकूम एका दमात यायचे. त्या साली पाणी सांडणं हा घरात मोठाच गुन्हा होता, त्यामुळं दुसरा हुकूम मी जास्त मनावर घेतला.

बीडला मुलींची शर्यत होती आणि तिच्यात पहिल्या येणाऱ्या मुलीला शहरातल्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. देश-बिश मला काही कळत नव्हतं. पण तिथं नळ आहेत, तोटी फिरवली की पाणी येतं, असं शाळेतल्या मॅडमनी सांगितलं होतं. मला तो नळ हवा होता. इतका हवा होता, की रात्री झोपेतही मी तोटी फिरवायचे.

शर्यतीला सोसायटीचा रिकामा दुधाचा टेम्पो भरून अख्खं संचालक मंडळ आलं. शिट्टी वाजली, मी पळाले. मान ताठ, नजर समोर, पावलं आखूड आणि एक हात वर, कानाजवळ, नसलेला हंडा धरून. मैदानावर हशा पिकला. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला हसतायत.

"आगं, हात खाली घे!" कुणीतरी ओरडलं.

मी हात खाली घेतला आणि हंडा पडला असं वाटून चक्क थबकले. मागं वळून बघितलं. तोवर बाकीच्या मुली पार पुढं निघून गेल्या होत्या.

परतीला सगळे टेम्पोत चढले. मग चेअरमनना राहवलं नाही. "काय बी म्हणा, एक थेंब सांडला न्हाई पोरीनं." सगळे खो खो हसले. अण्णाही हसले. माझा मात्र बांध फुटला.

"अण्णा, तिथं नळ व्हता," मी म्हणाले.

हसणं थांबलं. अण्णा माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांनी तोंड रस्त्याकडं वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अण्णा सायकलच्या कॅरिअरला दुधाचे कॅन बांधत होते. आमच्या गावात पुरुष पाण्याला निघाला की बायको माहेरी गेली असं समजत. ओट्यावरून चेअरमन ओरडलेच, "काय वो, घरची माहेरी गेली का काय?"

"पोरीचा सराव हाय," अण्णा म्हणाले. पायडल मारता मारता त्यांना धाप लागली होती.

मी मोकळ्या हातांनी सायकलच्या बाजूनं पळत होते. सवयीनं हात कानाकडं जायचा. "हात खाली, बाय," अण्णा हळूच म्हणायचे. देशाचं स्वप्न त्यांनी सोडलं नव्हतं. पुढच्या साली बघा, असं ते ओट्यावर सांगतच राहिले. माझा नंबर पुढच्या साली आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पण हंडा मात्र माझ्या डोक्यावर पुन्हा कधी आला नाही.