मोहोळाखालचं व्याख्यान

आमच्या आळीत एक निवृत्त शिरस्तेदार राहायचे. टांग्याचा घोडा बुजला की हे ओट्यावरून बोट उगारत. “जनावर ते. उपजत प्रेरणेवर चालणार. माणूस आधी विचार करतो, काय म्हणतो मी?” उत्तर कोणी देत नसे आणि त्यांनाही ते नको असे.

एकदा आम्ही शेजारी मिळून पांडवलेण्यांना गेलो. वर आग्या मोहोळ लोंबत होतं. खाली विडी ओढू नका, असं रखवालदाराने बजावलं होतं. यांनी नेमकी तिथेच विडी पेटवली आणि माश्यांच्या उपजत प्रेरणेवर बोलायला लागले. धूर वर गेला, माश्या उठल्या. आम्ही बायकामुलांना लेण्यात ढकलेपर्यंत हे बायकोच्या अंगावरची शाल ओढून, स्वतःच्या डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरत सुटले होते.

संध्याकाळी मी विचारपूस करायला गेलो. बाई सुजलेल्या तोंडाला हळद लावत बसल्या होत्या. यांच्या तोंडावर एक गांधसुद्धा नव्हती. म्हणाले, “ती उपजत प्रेरणा हो. तिथे माणसाचा इलाज नसतो.”

बाईंनी मान वर केली नाही. “घोडासुद्धा बुजला तर टांग्यातल्या बाईला घेऊन पळतो,” त्या म्हणाल्या.