केळं कोणाला चालतं?

इस्पितळाच्या फाटकापाशी केळ्यांची हातगाडी लावणाऱ्या बाईंना सगळे केळेमावशी म्हणत. त्या नुसती केळी विकत नव्हत्या, केळ्याची वकिली करत होत्या. पोट बिघडलंय? केळं खा. पोट साफ होत नाही? सालीवर ठिपके पडलेलं, चांगलं पिकलेलं खा. पोर जेवत नाही, म्हातारीला चावत नाही, सगळ्यांवर एकच तोडगा. "धुवायला नको, चिरायला नको," म्हणत त्या फणीतून केळं असं झटक्यात मोडून हातात देत की समोरच्याला नाही म्हणायला सवडच मिळत नसे.

त्यांचे यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, म्हणून गल्लीत ते मशीनकाका. काकांनी परसात मोरीच्या पाण्यावर एक केळ लावली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव. गाडीवर उरलेली, काळी पडू लागलेली केळी रोज त्यांच्याच वाट्याला येत आणि ते ती मिटक्या मारत संपवत.

मग काकांच्या पायांवर सूज आली. दोन पावलं चालले की धाप लागे. मावशींनी आपल्या परीने उपाय केला, म्हणजे केळी वाढवली. तरी उतार पडेना, तेव्हा त्यांना ओढतच इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या. त्यांनी तपासणीचा कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "काका, रक्तात पोटॅशियम फार वाढलंय. रोज काय काय खाता?"

"केळी," काका अभिमानाने म्हणाले.

"आजपासून बंद. एकसुद्धा नाही."

मावशींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो बाई, केळं बंद? मग अंगात ताकद कुठून येणार?"

"मावशी, यांची मूत्रपिंडं थकलीत. जास्तीचं पोटॅशियम ती बाहेर टाकू शकत नाहीत. ते साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात."

मावशींचा चेहरा पडला. "म्हणजे इतकी वर्षं मीच यांना विष चारलं?"

"छे! मूत्रपिंडं केळ्यांनी नाही बिघडली. यांचा रक्तदाब वाढलेला होता, तो कोणी मोजलाच नाही. बघू, तुमचाही हात द्या."

मावशींचाही रक्तदाब चढलेला निघाला. त्यांच्याही तपासण्या झाल्या. कागद आले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ कमी करा, गोळी चुकवू नका. तुमची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. तुम्ही केळं खा, त्यातलं पोटॅशियम तुमच्या रक्तदाबाला चांगलंच."

एकाच टेबलापाशी, एकाच बाईने, नवऱ्याला बंद केलं आणि बायकोला खा म्हटलं! मावशी बाहेर आल्या त्या डोकं गरगरतच.

दुसऱ्या दिवशी गाडीवर एक गृहस्थ आले. "आई अशक्त झालीय, एक फणी द्या."

मावशींचा हात फणीवरच थांबला. "मूत्रपिंडं कशी आहेत त्यांची?"

"काय?"

"नाही, म्हणजे... लघवी नीट होते ना?"

गृहस्थ मावशींकडे बघत मागे सरकले आणि समोरच्या सफरचंदवाल्याकडे गेले. मग हे रोजचंच झालं. शाळेतून येणाऱ्या पोरींनासुद्धा मावशी चौकशीशिवाय केळं देईनात. गल्लीत बोलवा झाली की केळ्यांत काहीतरी भेसळ आहे, खुद्द मावशीच सांगतात. सफरचंदवाला खूश.

घरी वेगळीच पंचाईत. काकांसमोर खायचं कसं? मावशी परसात, केळीच्या आडोशाला उभ्या राहून गपकन एक केळं तोंडात कोंबत. एकदा काकांनी पकडलंच.

"अगं, चोरून खातेस? माझ्याच केळीच्या आड?"

"औषध म्हणून खाते हो," मावशी भरल्या तोंडाने म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. "तुम्हाला नको आणि मला हवं, हे कसलं फळ? मला काही कळेनासं झालंय."

काकाही गोंधळले. रागवावं की समजूत घालावी? शेवटी त्यांनी मावशींच्याच पदराने मावशींचं तोंड पुसलं, आणि दोघं परसातून थेट इस्पितळात गेली.

"मी विकू की नको?" मावशींनी दारातूनच विचारलं.

डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग मावशींचा चेहरा पाहून थांबल्या. "खुशाल विका. बहुतेकांना केळं चांगलंच. ऊर्जा मिळते, तंतू असतात, बी-सहा जीवनसत्त्व असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना आम्ही सांगतो ना. साखरेचा आजार असेल त्यांनी बेताने खावं."

"म्हणजे ते आणखी वेगळे?" मावशी हबकल्या.

त्या आठवड्यात परसातला घड तयार झाला. एकदा घड दिला की ती केळ पुन्हा धरत नाही, ती तोडायची. मावशींनी रागारागाने कोयता घेतला. "सगळंच मुळासकट उपटते!"

"बुंध्याशी मुनवे फुटलेत, केळीची पिल्लंच ती, ते राहू दे," काका म्हणाले. "झाडाचा काय दोष?"

"मग कोणाचा?"

काकांनी कोयता आपल्या हातात घेतला आणि मुनवे राखून केळ तोडली. घडातल्या फण्या त्यांनी स्वतः शेजारीपाजारी वाटल्या, एकही केळं न चाखता.

पुढच्या तपासणीत काकांचं पोटॅशियम उतरलेलं होतं, सूजही कमी होती. मूत्रपिंडं काही नवी होणार नव्हती, पथ्य जन्माचं. मावशींची गाडी पुन्हा फाटकाशी लागते, पण जुनी वकिली आता होत नाही. कोणी "केळं चांगलं का हो मावशी?" विचारलं की त्या "चांगलंच की," म्हणतात, अडखळतात, आणि "डॉक्टरांनी काही बंद केलंय का?" एवढं विचारून घेतात. गाडी आवरली की समोर जाऊन काकांसाठी सफरचंद घेतात. सफरचंदवाला ते पुसून देतो आणि त्याचे फायदे सांगू लागतो. मावशी मान डोलवतात, खरं किती मानावं ते काही त्यांना ठरवता येत नाही.