तलावावरचं ‘हात वर!’

चैतराम गावच्या तलावाचा राखणदार. मच्छीमार संस्थेनं त्याला काठी दिली होती, संशय मात्र त्यानं स्वतःच्या घरून आणला होता. अर्जुनी मोरगावकडच्या त्या गावात कुणाचं पोट्टं पाण्यात उतरलं, की हा तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, गरजायचा, "हात वर!" खोल पाण्यात दोन्ही हात वर धरून दाखवायचे. मुठीत मासोळी नाही अशी त्याची खात्री पटली, की सुटका. बाकीची पोट्टी लगेच सुटायची. सुमनबाईच्या संघदीपला मात्र तो ताटकळत ठेवायचा. का म्हणे? तर पोरगा बौद्धांच्या मोहल्ल्यातला, आणि वरून तोंडाचा फटकळ. एवढं कारण त्या माणसाला पुरे होतं!

संघदीप हात आभाळाकडे धरून खाली पाय मारत राहायचा. त्याच पायांवर तो फौजेत गेला आणि तिथं वॉटर पोलोच्या संघात शिरला. या खेळात तळाला पाय टेकायचा नसतो, आणि गोलकीपरनं पाण्यातून वर उसळून दोन्ही हातांनी चेंडू अडवायचा असतो. संघदीपला ते वेगळं शिकवावंच लागलं नाही. देशाकडून खेळला, मग गुडघा गेला तसा दुसऱ्यांना शिकवायला लागला, आणि आता तर मलेशियात मुलींच्या एका संघाचा कोच झाला. गावभर मोबाईलवर फोटो फिरले. तरी चैतरामचं आपलं एकच, "पाण्यात चेंडू फेकाचा कोणी पगार देते का बे? दुसराच धंदा असन त्याचा."

यंदा दिवाळीला संघदीप आला आणि थेट चैतरामच्याच दारात उभा राहिला. चैतरामच्या नातीला, आचलला, त्यानं तलावात पोहताना पाहिलं होतं. नागपूरला शिबिर आहे, गोलकीपर म्हणून तिला न्यायचंय, म्हणाला. आचल आनंदानं नाचायलाच लागली. चैतरामचा संशय मात्र लगेच जागा झाला. गावात एवढी पोट्टी, याले माझीच काऊन दिसली? नोकरीचं आमिष दाखवून पोरी परदेशी नेणारे एजंट त्यानं टीव्हीवर पाहिले होते. आणि हा एजंट नसलाच, तर मग जुन्या दिवसांचा सूड उगवायला आला असणार!

तो संघदीपच्या मागावरच राहिला. टपरीवर कुणाशी बोलतो, फोनवर आवाज का हळू करतो, सगळं टिपत होता. हाती काही लागेना, तेव्हा त्यानं हैदराबादला कामाला असलेल्या मुलाला, आचलच्या बापाला, फोन लावला. "तुम्ही म्हणाल तसं, बाबा," हिमांशू म्हणाला. घ्या! म्हणजे सगळं चैतरामच्याच गळ्यात.

शेवटी त्यानं संघदीपला पाळीवर गाठलं. "कायले नेऊन राहिला तू तिले? खरं सांग."

"आधी पाहून तं घ्या, काका. मंग नाही म्हणा." आचल तलावाच्या मध्यावर पोचली होती. "आवाज द्या तिले. तुमचा तोच."

हा थट्टा करतो काय आपली? चैतराम रागानंच ओरडला, "हात वर!"

आचलनं हसत दोन्ही हात वर केले. थोड्या वेळानं तिचं हसू मावळलं. मग हात थरथरायला लागले, पाणी हनुवटीला लागलं. संघदीप तिला हात खाली घ्यायला सांगेना. हाच तो सूड, चैतरामला वाटलं, आणि तो ओरडला, "बस झालं! काढ बे तिले! बुडन ना पोट्टी!"

संघदीप केव्हाच कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात उतरला होता. त्याची नजर आचलवरून ढळली नव्हती. "नाही बुडत. मी आहो ना." मग त्यानं हाक दिली, "हात खाली, आचल! ये!"

पोरगी पोहत काठाकडे निघाली, तेव्हा तो मागं न वळता म्हणाला, "माझी माय इथंच उभी राहे, काका. तुमच्या मागं. तिची बोलाची हिंमत नव्हती."

चैतरामनं मागं वळून पाहिलं. सुमनबाई आजही तिथंच उभी होती, तोंडाला पदर लावून. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिचे डोळे पाण्यातल्या त्याच्या नातीवर होते.

चैतरामची मान खाली गेली. मग तो तिच्याजवळ गेला. "सुमनबाई, तू जाशील का पोट्टीसंगं नागपूरले?"

"कायले? माझ्या पोरावर नजर ठेवाले?"

"नाही वं बाई," तो म्हणाला. "पाण्यातल्या लेकरावर. तुले येते ते."