कचोरीवरचा कर

डाळमिलच्या कॅन्टीनमध्ये माणूस जेवतो थोडं आणि बोलतो जास्त. मी चुलीपाशी उभा. हात कढईत, कान मोकळे. त्यामुळे किस्से साचत जातात. बारदान साचलं तर भंगारवाला तरी नेतो. किस्से कोणी नेत नाही. म्हणून सांगून टाकतो.

मी चौथी शिकलो. आचारी आहे. लोक नाना म्हणतात. माझ्या हातच्या कचोरीला जळगावात आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या कचोरीवरूनच झालं.

*

आमचे शेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथेच गेल्या. त्यांचे थोरले भाऊ दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या गेले. हार्ट अटॅक. अंगानं फार जड होते. तेव्हापासून शेठ माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी पोटाकडे बघायला लागले.

मिलमध्ये सगळ्यांत मोठं पोट सुपडूचं. सुपडू वजनकाट्यावर. ट्रक काट्यावर चढला की आकडा वाचायचा आणि पावती फाडायची. सगळं काम बसून. तो आणि शेठ लहानपणी एका बाकावर बसलेले. त्याला शुगर होती. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. शेठ स्वतः त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, "वजन उतरवा, साखर उतरवा. नाहीतर पाय काढावा लागेल."

बाहेर आल्यावर सुपडू म्हणाला, "शेठ, हाऊ डॉक्टर घाबरट शे."

*

शेठच्या मुलीनं त्यांना सांगितलं की बाहेरच्या काही देशांत सरकार गोड थंड पेयांवर जादा कर लावतं, कुठे कुठे फळं-भाजीपाला स्वस्त करून देतं. मग लोक आपोआप नीट खातात.

दुसऱ्या दिवशी शेठ चुलीपाशी आले. "नाना, आजपासून कचोरी, भजी, जिलेबी दुप्पट भावानं. वरचे जे पैसे येतील, त्यातून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मोडाचे मूग आणि काकडी अर्ध्या भावात द्यायची."

मी म्हणालो, "शेठ, कर लावायला सरकार लागतं."

"गेटाच्या आत सरकार मीच."

दोन पावलं गेले आणि परत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "सुपडूसाठी करतोय. त्याला सांगू नका."

*

पहिल्याच दिवशी उखा आला. उखा हमालांचा मुकादम.

"नाना, भजीनं काय पाप केलं?"

"चरबी वाढते म्हणे."

उखानं बनियन वर केली. बरगड्या मोजता आल्या असत्या. "कुठे वाढली ते शेठला दाखवा. मलाही कळू द्या."

हमालांना दुप्पट भाव परवडेना. त्यांनी भजी सोडली, भाकरी-मूग धरले. भाकरी उत्तमच होती, मी करत होतो. पण दिवसभर पोती वाहणाऱ्या अंगाला तेल लागतं. दुपारनंतर ते पोत्यावरच टेकून बसायला लागले.

शेठनी मुकादमाला बोलावून विचारलं, "उखा, काम का ढिलं पडलं?"

उखा म्हणाला, "तुम्ही भाकरीचा भाव उतरवला शेठ. पोत्याचं वजन नाही उतरवलं."

*

आठवड्याच्या आत गेटाबाहेर कचोरीची हातगाडी लागली. भाव जुनाच. गाडी वॉचमनच्या मेहुण्याची.

आमचे मुनीम फार साधे गृहस्थ. आत बसून अर्ध्या भावात भाकरी-काकडी खायचे, शेठना दिसेल अशा जागी. मग वाचलेल्या पैशात बाहेर दोन कचोऱ्या.

मी एकदा त्या गाडीवरचं तेल बघितलं. काळंकुट्ट. मी तेल रोज बदलतो. मुनीमांना म्हणालो, "खायचीच तर माझी खा. निदान तेल तरी ताजं आहे."

मुनीम म्हणाले, "नाना, तुमच्या तेलावर कर आहे."

*

आता सुपडू. भाव वाढून महिना झाला तरी त्याचं पोट तसूभर हललं नाही. शेठ मला विचारायचे, "तो विकत घेतो का?"

मी खरं तेच सांगायचो, "नाही. त्यानं एकही कचोरी विकत घेतलेली नाही."

शेठ खूश व्हायचे.

सुपडूनं जन्मात कधी कचोरी विकत घेतलीच नव्हती. नंबर लवकर लागावा म्हणून ट्रकवाले त्याला नाश्ता आणून द्यायचे. ही चाल जुनी. आधी नुसता चहा दिला तरी चालायचं. कचोरी महाग झाली तसा तिचा मान वाढला. आता चहा द्यायला ड्रायव्हरला लाज वाटायला लागली. एकानं दिली की मागचा दोन द्यायचा.

मी काट्यावर गेलो. त्याच्या टेबलावर चार होत्या. पाचवी तोंडात.

"सुपडू, भाव कोणासाठी वाढवला, कळतं का तुला?"

तो हसला. "भाव वाढी गया, नाना. पण मना काय जास?"

मी त्याच्या पायाकडे बघितलं. अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. त्यानं पाय टेबलाखाली ओढून घेतला.

*

त्याची बायको सुमन एरंडोलकडची. एके दिवशी ती कॅन्टीनच्या मागच्या दारानं आली. डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली.

"नाना, यांना कचोरी देऊ नका."

"मी त्याला देतच नाही. ड्रायव्हरला विकतो. ड्रायव्हर कोणाच्या हातात देतो, ते मी बघत बसू का?"

"बघा," ती म्हणाली.

आणि निघून गेली. मला असं कोणी बोलत नाही.

त्या दिवसापासून मी ड्रायव्हरला कचोरी दिली की इथेच बसून खा म्हणायचो. ते समोर बसून खायचे. मग काट्यावर जाताना गेटाबाहेरच्या गाडीवरून सुपडूसाठी घेऊन यायचे. काळ्या तेलातली.

सुपडू मला भेटला तेव्हा म्हणाला, "नाना, तुमनी चव राहिली नही आता." मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

*

कर लावायच्या दिवशीच शेठनी सगळ्यांचं वजन करून ठेवलं होतं. डाळमिलमध्ये माणसाचा काटा कुठला? ट्रकचाच. म्हणून सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं केलं आणि एकदमच तोललं. हमाल, मुनीम, वॉचमन, मी. तूर तोलतात तसं. सहा महिन्यांनी पुन्हा तीच माणसं, तीच ट्रॉली.

सुपडू काचेमागून ओरडला, "शेठ, एक क्विंटल घट!"

घट म्हटलं की शेठचा चेहरा पडतो. मालात घट आली तर दोन दिवस जेवत नाहीत. त्या दिवशी मात्र ते टाळ्या वाजवत पुढे आले. "नाना, सगळ्यांना कचोरी. मिलकडून!"

हमाल ट्रॉलीतून उतरत होते. उखानं पायजम्याची नाडी आणखी आवळली. "शेठ, घट आमच्यात आली," तो म्हणाला. पण शेठ तोवर मुनीमांचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते.

मी कचोरीची परात घेऊन काट्यावर गेलो. सुपडूला विचारलं, "तू का नव्हता ट्रॉलीत? ना तेव्हा, ना आज."

त्यानं परातीतली मोठी बघून उचलली. "मी ट्रॉलीमा चढू, तं आकडा कोण वाची?"

*

त्यानंतर काही दिवसांनी सुपडूचा अंगठा काळा पडला. मग पाऊल. त्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्याचा साडू आहे. डॉक्टर म्हणाले, आता नुसता अंगठा काढून भागणार नाही. त्यांनी मांडीपासून पाय काढला.

चार दिवसांनी शेठ आणि मी गेलो. पारोळ्याला शेठनी गाडी थांबवली, चहा मागवला, तो तसाच ठेवून उठले.

सुपडू उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट. सुमन पायथ्याशी स्टुलावर बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

शेठना बसायला खुर्ची होती, पण ते उभेच राहिले.

सुपडूच बोलला. "तुमना भाव फुकट गया, शेठ. डॉक्टरनी एकच दिनमा वजन उतारी दिधं."

शेठ त्या सपाट चादरीकडे बघत होते. सगळा जन्म माल तोलण्यात गेलेला माणूस. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किती किलो?"

सुमननं मान वर केली.

सुपडू म्हणाला, "कोणी मोजं नही, शेठ. भाव तुम्ही सांगा."