म्हादाचं काळं वर्जन

...आणि ती पाल गं, ती सांगायची ऱ्हायलीच की! लिव्ह, पूर्णिमा, लिव्ह. शी म्हणू नको, म्या तर डोळ्यानं बघितलीया. तुझ्या म्हादाआजोबाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, कंप्युटरचा डबा त्याच्या पोरानं, इक्रमनं, उघडला आणि आत वाळून पापड झालेली पाल! तिच्या भोवतीनं तंबाखूचा भुस्सा, गादीवानी थर, आणि त्यात झुरळाच्या लेंड्या. इक्रमनं फुंकर मारली ती समदी माझ्या चहात. कप तसाच मोरीत वतला. अजून त्यो वास नाकातनं जात न्हाय.

कंप्युटरात तंबाखू कशी म्हणशील. अगं, निपाणीत तंबाखू कुठं नसती? म्हादा उभा जन्म वखारीत हुता. आमी बायका खाली तंबाखू चाळायचो, शिंकून शिंकून मरायचो, आणि ह्यो वर माडीवर शेठच्या हापिसात टायपिंग करायचा. मराठी, इंग्लिश, कानडी, तिन्ही. पांढरा शर्ट घालून जायाचा आणि सांच्याला पांढराच शर्ट घेऊन घरी यायचा, ही त्याची ऐट. शेठनं वखार मोडली, सामान भंगारात काढलं, तवा म्हादानं ह्यो कंप्युटर मागून घेतला. हातगाड्यावर घालून, वर गोधडी पांघरून घरी आणला. त्याची बायको, देव तिला सुखात ठेवो, दारातनं म्हणाली, "मला आणताना एवढं जपलं नव्हतं बघा."

तवापास्नं त्यो घरात बसून लग्नपत्रिका करून देतोय. आता पोरं मोबाइलवर करत्यात, नवरा-नवरी नाचतेली पाठवत्यात, बघून डोकं उठतंय. पर अक्कोळ, कोगनोळीची म्हातारी माणसं अजून म्हादाकडंच येत्यात. बायको गेल्यावर भाकरी करून घालाय मी ऱ्हायले हितं, पर त्याचं दुसरं काय ऱ्हायलंय? मशीन सुरू झाली की त्यो माणसात असतोय. बंद झाली की भिंतीकडं बघत बसतोय.

आणि ती बंद पडली. इक्रम बेळगावास्नं आला. टिळकवाडीत त्याचा फ्लॅट, कंप्युटरच्याच कंपनीत नोकरी. पाल काढली, भुस्सा काढला, मशीन उठली. पर पोटातलं समदं गेलतं, टायपिंगचं जे काय घालायचं असतंय ते नवं घालाय पायजे. मग त्यो खडेबाजारातल्या कुण्या जुन्या सामानवाल्याकडनं तीन वर्जन घेऊन आला, एकेका चौकोनी फ्लॉपीत एकेक. वर्जन म्हणजे, मला कळलं तेवढं सांगती तुला, एकच स्वयंपाक, पर तीन पिढ्यांतल्या तीन सुनांच्या हातचा. एक लई जुनं, त्याचा पडदा काळा आणि अक्षरं पांढरी. एक नवं, त्याचा पडदा पांढराफेक आणि अक्षरं काळी. एक मधलं. मधलं घातलं तर मशीन घरघरली आणि गपगार. मग ऱ्हायली दोन.

"आप्पा, पांढरं घालूया," इक्रम म्हणाला. "पत्रिका जशी छापून येणार, तशीच पडद्यावर दिसती."

"मला काळंच पायजे."

"का पर?"

"बोटं सरावल्यात."

"बोटं ह्यालाबी सरावतील की."

"न्हाय म्हणजे न्हाय."

"आप्पा, काळं वर्जन जगात कुणी वापरत न्हाय आता!"

"मग जगाची पत्रिका तू कर. माझ्या गिऱ्हाइकाची मी करतो."

दोन दिस हेच. बाप एका खोलीत जेवतोय, ल्योक दुसऱ्या. मला तर वीट आला. स्थळ बघतानाबी एवढं कुणी घोळ घालत न्हाय. आणि मग म्हादाच म्हणाला, "देवाला इचारूया."

व्हय, लिव्ह ते. लाज त्येला वाटाय पायजे, तुला न्हवं.

गाडी काढली, मलाबी कोंबली, आणि गेलो खानापूरकडं आमच्या गावी, रवळनाथाच्या देवळात कौल लावाय. जमीन घ्यायची हाय, पोरीला कुठल्या घरात द्यायची हाय, तवा माणूस कौल लावतोय. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून हुभारायचं. जी आधी पडल तिकडं देवाचा शब्द. हितं कंप्युटरसाठी देवाला भिजवला! गाभाऱ्यात आदल्या सणाची फुलं कुजून काळी पडलेली, तेलानं पाय चिकटतोय. भरमू गुरवानं तोंडातला गुटखा गालात सारला आणि त्याच तोंडानं गाऱ्हाणं घातलं, "देवा, तुझं लेकरू आलंय. उजवी दिलीस तर काळं घालतोय, डावी दिलीस तर पांढरं. समजून उमजून सांग." लाल थेंब त्याच्या सदऱ्यावर. पदर नाकाला लावून हुभी ऱ्हायले.

डावी पडली.

म्हादाचं तोंड बघाय पायजे हुतं. त्यो देवाला धरून चाललेला माणूस, आपल्याच बाजूनं कौल मिळणार म्हणून आलेला. आता देवाचा शब्द कसा मोडायचा? येताना गाडीत इक्रम मात्र हसतोय, "बघा आप्पा, देवबी अपडेट झालाय." म्या म्हटलं, "गप रं मुडद्या, समोर बघून चालीव."

पांढरं घातलं. सुरू कराय लावलं की हिकडं माझा भात शिजून हुईल, तवा तिकडं पडदा उजळायचा. इक्रम काळ्याची फ्लॉपी कचऱ्याच्या बुट्टीत टाकून बेळगावला गेला. आणि म्हादानं पयलीच पत्रिका केली ती अक्कोळच्या पोरीची.

पत्रिका वाटल्या आणि तिसऱ्या दिवशी पोरीचा मामा, भावकू, दारात. हातातला गठ्ठा कट्ट्यावर आपटला. "अंतरपाटामागं पोरीला धरून हुभारणार मी! आणि पत्रिकेत मामाच्या नावाची वळच न्हाय? माझी बहीण उकिरड्यावर सापडलीया व्हय?"

म्हादा म्हणाला, "कंप्युटरनं खाल्ली वळ."

"बरा मामाच खाल्ला! आत्या हाय, आत्याचा नवरा हाय, त्यांची पोरं हायत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' करत. तेवढी कशी खाल्ली न्हायत?"

भावकूनं आमच्या उंबऱ्यावर पानाची पचकन पिचकारी मारली आणि गेला. म्या शेणकाला करून धुतलं, तरी डाग हाय. लग्नातला मामाचा मान ह्यानं पुसला, आणि त्यानं आमचा उंबरा घाण केला. दोन्हीची किळस आली मला.

पर मला दुसरंच कायतरी दिसाय लागलं हुतं. म्हादा हल्ली चहा कपाच्या भायेर वतायचा. बशीत, चटईवर, समदीकडं मुंग्या. मी म्हणायची, म्हातारा गबाळा झालाय. पांढऱ्या शर्टवर आमटीचे डाग, आणि त्येला पत्ता न्हाय. ह्यो त्योच म्हादा का? म्हणून मी भावकूनं टाकलेली एक पत्रिका उचलली, त्याच्या हातात दिली, "वाच बघू, कुठं चुकलंय."

त्यानं डोळ्यापुढं धरली आणि वाचली घडाघडा. श्री गणेशाय नमः पास्नं.

पूर्णिमा, मला अक्षर येत न्हाय. पर पत्रिकेवरचा गणपती उलटा धरलाय एवढं मला कळतंय. डोकं खाली, पाय वर.

"म्हादा," म्हटलं, "तुला दिसत न्हाय."

त्यानं पत्रिका मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आक्का, पांढऱ्यावर समदं दूध सांडल्यावानी हुतंय. काळ्यावर दिसतंय गं. तव्यावर मीठ टाकल्यावानी, एकएक खडा."

"मग सांगितलं का न्हाईस इक्रमला?"

"सांगितलं की मला नेणार टिळकवाडीला. गॅलरीत खुर्ची टाकून देणार. मशीन जाणार भंगारात. मग मी काय करू, रस्त्यावरच्या गाड्या मोजू?"

माझं टाळकंच सणकलं. अरं, पोराला सांगितलं न्हाईस ते न्हाईस, देवालाबी सांगितलं न्हाईस! काळं का पांढरं एवढंच इचारलंस. डोळं जायाला लागल्यात हे गाऱ्हाण्यात घातलंस? अर्धी गोष्ट सांगून कौल मागितलास आणि म्हणं देवाचा शब्द. त्यो कसला शब्द! त्यो भरमूच्या तोंडातला गुटखा. थू!

"आक्का, कौल मोडता येत न्हाय."

"मोडू नको. खरं सांगून पुन्यांदा लाव. आणि त्या आधी डोळ्याच्या डाक्टराकडं चल."

तवापास्नं माझ्यावर रुसून बसलाय. मशीनपुढं बसतोय, पांढऱ्या पडद्याकडं बघून डोळ्याला पाणी येतंय, त्ये पुसतोय, परत बसतोय. काल कोगनोळीची पत्रिका आलीया. ती चुकली तर आता कुणी येणार न्हाय त्याच्याकडं. मला बघवत न्हाय. चीड येती, किळस येती, आणि उठून त्येला भाकरी वाढती.

झालं का लिव्हून? मग ऐक. आईतवारी इक्रमकाका येणार हाय. ह्यो कागद त्याच्या हातात दे, त्याच्या बापाच्या न्हवं. आणि माझ्या जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात, तळाला, फडक्यात बांधलेली ती चौकोनी फ्लॉपी हाय, कचऱ्यातनं मीच काढून धुऊन, न्हाय न्हाय, पुसून ठेवलीया. तीबी दे. म्हणावं, आक्काआत्यानं सांगितलंय, आधी बापाचं डोळं दाखीव, मग काळं घाल. आणि पीठ झटकून दे गं. आत गेलं तर आणखी एक पाल सुखानं ऱ्हाईल.